माणसाच्या चेहऱ्याचा मान : एक प्रतिवाद

नांदेड-लातूरकडे धर्म आणि संस्कृती या विषयावर व्याख्यान असले की एक विधान हमखास ऐकायला मिळते. माणसात देव पाहणे ही फक्त आपल्या मातीची शिकवण आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचा देव म्हणजे दूर आभाळात बसलेला मालक आणि माणूस त्याचा निव्वळ गुलाम. सुफींनी याहून वेगळे काही सांगितले असेल, तर ते त्यांनी वेदान्ताकडून उसने घेतले. या वाक्यावर टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

त्याच गावात दुसऱ्या मोहल्ल्यात उर्दू तकरीर चालू असते. तिथला वक्ता या पहिल्या वक्त्याचा कट्टर विरोधक. पण तोही हेच सांगतो, की देव आणि माणूस यांच्यात कसलेही नाते जोडणे हा इस्लाम नव्हे, सुफींनी ते बाहेरून आणले आणि दीन, म्हणजे धर्म, बिघडवला. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या उरुसाला जाणारा, किंवा लातूरच्या सुरत शाहवली दर्ग्यात चादर चढवणारा साधा मुसलमान या दोघांच्याही लेखी चुकलेला असतो. एकाच्या मते तो स्वतःला न कळलेला हिंदू, दुसऱ्याच्या मते वाट चुकलेला मुसलमान.

माझे म्हणणे असे की हे दोन्ही वक्ते चुकतात, आणि एकाच ठिकाणी चुकतात. माणूस ही ईश्वराची प्रतिमा आहे हा विचार यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेत बाहेरून आलेला नाही. तो त्यांच्या मूळ ग्रंथांत आहे. आणि तो ‘मी देव आहे’ असे मिरवण्यासाठी आलेला नाही. समोरच्या माणसावर हात उचलताना आपला हात थांबावा, यासाठी तो आला आहे. मराठवाड्याने तर हा फरक आपल्या अंगावर भोगला आहे. म्हणून आपल्याकडे तरी या विषयावर सैल बोलणे परवडणारे नाही.

सुरुवात मुळापासून करू. बायबलच्या उत्पत्तीच्या ग्रंथात, पहिल्याच अध्यायात, देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो. पुरुष आणि स्त्री दोघांनाही. हा मजकूर ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या जगात देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान राजाचा होता. इजिप्तच्या तूतनखामूनच्या नावाचाच अर्थ ‘आमोन देवाची जिवंत प्रतिमा’ असा होतो. असीरियाच्या दरबारातही राजाला देवाची प्रतिमा म्हटले जाई. एका लहानशा, हरलेल्या, देशोधडीला लागलेल्या जमातीच्या ग्रंथाने तो मान सिंहासनावरून काढून घेतला आणि सरसकट माणसाला दिला. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, प्रलय ओसरल्यावर नोहाला जी आज्ञा होते, तिच्यात मनुष्यहत्येच्या मनाईचे कारण हेच सांगितले आहे. ज्याचे रक्त सांडायचे, तो देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. गुलाम आणि मालक एवढेच नाते असते, तर या कारणाची गरजच नव्हती. मालकाने मनाई केली, एवढे पुरले असते.

यहुदी धर्मशास्त्र्यांनी ही कल्पना नुसती पुजून ठेवली नाही, तिच्यावरून व्यवहार ठरवला. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथात देहदंडाच्या खटल्यातल्या साक्षीदाराला ताकीद देताना एक दाखला आहे. माणूस एका ठशातून अनेक नाणी पाडतो आणि ती सगळी सारखी निघतात. देव प्रत्येक माणूस आदमच्या ठशातून काढतो आणि एकही दुसऱ्यासारखा निघत नाही. म्हणून एक जीव घेणे म्हणजे एक अख्खे जग बुडवणे. रब्बी मेईर यांचा दाखला याहून कठोर आहे. दोन जुळे भाऊ, एक राजा झाला, दुसरा दरोडेखोर होऊन फासावर गेला. रस्त्याने जाणारा लटकलेले प्रेत पाहून म्हणतो की राजालाच फाशी दिली. फाशी गेलेल्या गुन्हेगाराचे प्रेत रात्रभर टांगून ठेवायचे नाही, या नियमाचा अर्थ ते असा लावतात. म्हणजे गुन्हेगाराच्या प्रेतातही ती प्रतिमा शिल्लक राहते. ज्यांना हा धर्म केवळ भीतीचा वाटतो, त्यांनी हा एक दाखला तरी नीट वाचावा.

इथे हमखास एक हरकत येते. ही तर मूर्तिभंजक मंडळी. प्रतिमा मानत नाहीत, मग माणसाला प्रतिमा कसे म्हणतील? खरे तर या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. हाताने घडवलेली प्रतिमा पूजू नका असे सांगणाऱ्या परंपरेने जिवंत प्रतिमा माणसातच मानली. आणि ती शरीराच्या आकारात आहे असेही तिच्या थोर आचार्यांनी मानले नाही. बाराव्या शतकात कैरोला राहून अरबीत लिहिणाऱ्या यहुदी तत्त्वज्ञ मूसा इब्न मैमून यांनी आपल्या ‘मार्गदर्शक’ ग्रंथाची सुरुवातच या प्रश्नाने केली आणि प्रतिमा म्हणजे माणसाची बुद्धी, असा निर्णय दिला. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टिन यांनी स्मृती, आकलन आणि इच्छा या तिघांच्या एकत्र असण्यात ती पाहिली. त्यांच्याही आधी, चौथ्या शतकात, निस्साच्या ग्रेगरीने एका प्रवचनात गुलामांच्या मालकांना सरळ विचारले की देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यात मोजलीत? प्राचीन जगात गुलामगिरीवर इतका थेट घाव क्वचितच कुणी घातला असेल. पुढे ख्रिस्ती राष्ट्रांनी शतकानुशतके गुलामांचा व्यापार केला, गोव्यात 1560 पासून धर्मचौकशीचा वरवंटा फिरवला, हे मी लपवत नाही. पण ज्या तत्त्वाच्या आधारे आपण त्यांना दोषी धरतो, ते तत्त्व त्यांच्याच ग्रंथात होते, हे तरी मान्य करावे लागेल.

आणि हे सगळे आपल्याला परक्या भाषेत शोधायला नको. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तने केली. चारशे वर्षे जी गोष्ट मराठीत सांगितली जाते आहे, तिच्याबद्दल ‘त्यांच्याकडे असे काही नाहीच’ असे म्हणणे हे न वाचल्याचे लक्षण आहे.

आता इस्लामकडे. कुराणात आदमच्या निर्मितीचा प्रसंग अनेक ठिकाणी येतो. देव मातीचा पुतळा घडवतो, त्यात आपल्या रूहचा, म्हणजे आत्म्याचा, श्वास फुंकतो आणि फरिश्त्यांना त्याच्यापुढे झुकायला सांगतो. इब्लीस झुकत नाही. आपण आगीचे, हा मातीचा, हे त्याचे कारण. त्याला समोर फक्त माती दिसली, आत फुंकलेले दिसले नाही. माणसाकडे पाहताना त्याचे कूळ, कातडी आणि माती एवढेच पाहणारा प्रत्येक जण या कथेत कुणाच्या बाजूला उभा राहतो, हे वेगळे सांगायला नको. याच आदमला कुराण पृथ्वीवरचा खलिफा, म्हणजे प्रतिनिधी, म्हणते. त्याच कुराणात देवासारखे दुसरे काहीच नाही, असेही ठामपणे सांगितले आहे. ही दोन टोके एकत्र धरणे हेच इस्लामी चिंतनाचे अवघड काम राहिले. एक टोक सोडून दिले की काम सोपे होते, पण मग तो इस्लाम राहत नाही.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तर शब्दच आहेत. देवाने आदमला त्याच्या रूपावर निर्माण केले, हे वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही सर्वमान्य संग्रहांत आहे. मुस्लिमच्या संग्रहात ते ज्या संदर्भात येते, तो या लेखाचा गाभा आहे. भांडणात भावावर हात उचललाच, तर चेहरा टाळा; कारण आदमला त्या रूपावर घडवले आहे. म्हणजे ही गूढ अनुभवाची गोष्ट होण्याआधी मारामारीचा नियम होती.

यावर तकरीर करणारे म्हणतात की ‘त्याच्या’ म्हणजे देवाच्या नव्हे, आदमच्या किंवा मार खाणाऱ्याच्या. हा अर्थ नवा नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे मोठे हदीसपंडित इब्न खुझैमा यांनी तो मांडला होता. पण या मंडळींना ज्यांचे नाव सर्वांत प्रिय, त्या इब्न तैमिया यांनी काय म्हटले? 1328 साली दमास्कसच्या कैदेत वारलेल्या या आचार्याने सुफी तत्त्वज्ञ इब्न अरबीवर कडाडून टीका केली, दर्ग्यांच्या यात्रांना विरोध केला. तरीही या वचनावर त्यांनी सविस्तर लिहिले आणि तो शब्द देवाकडेच जातो, पहिल्या पिढ्यांत याबद्दल वाद नव्हता, असा निर्वाळा दिला. सुफींचा सर्वांत कठोर टीकाकार जे वचन मानतो, ते सुफींनी बाहेरून आणले असे म्हणायला आधार कुठला? आणि क्षणभर इब्न खुझैमांचाच अर्थ खरा धरू. मग निष्पन्न काय होते? मार खाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा आदमचा चेहरा आहे. हात तरीही थांबवावाच लागतो.

आणखी एक हदीस मुस्लिमच्याच संग्रहात आहे. कयामतच्या दिवशी देव विचारेल की मी आजारी होतो, तू भेटायला आला नाहीस. मी भुकेला होतो, तू जेवू घातले नाहीस. माणूस चकित होईल, तेव्हा उत्तर मिळेल की अमुक माणूस आजारी होता, तमुक भुकेला होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथे भेटलो असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूच्या तोंडी जवळजवळ हेच आहे. तहानलेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजणाऱ्या पैठणच्या एकनाथांची कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. ती ऐकणाऱ्याला ही हदीस परकी का वाटावी?

वेदान्ताकडून उसनवारीच्या दाव्याला एक विद्वत्तेचा आधार दिला जातो, तोही तपासू. नवव्या शतकातले सुफी बायझीद बिस्तामी आपले गुरू म्हणून अबू अली सिंदी यांचे नाव घेतात. सिंदी म्हणजे सिंधचा, म्हणजे भारतीय, म्हणजे वेदान्ती, अशी ही साखळी आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक झेनर यांनी 1960 साली हा सिद्धान्त जोरात मांडला आणि आर्बेरी यांच्यासारख्या जाणकारांनी लवकरच तो खोडून काढला. सिंद हे खुरासानकडच्या खेड्याचेही नाव होते. पण समजा बिस्तामींना खरोखर भारतीय गुरू लाभला. त्याने वरची हदीस वेदान्ती होते का? कुराणातला आदम होतो का? बिस्तामींच्या हजाराहून अधिक वर्षे आधीचा उत्पत्तीचा ग्रंथ होतो का?

शिवाय विचाराची घडणच वेगळी आहे. अद्वैत म्हणते की आत्मा आणि ब्रह्म दोन नाहीतच, भेद हा अज्ञानाचा. प्रतिमेची कल्पना उभी राहते ती भेद धरूनच. आरशात दिसणारा आणि आरशापुढचा एक नसतात, म्हणून तर प्रतिबिंबाला अर्थ असतो. मुर्सियात 1165 साली जन्मलेले आणि 1240 साली दमास्कसला वारलेले इब्न अरबी आपल्या ‘फुसूस’ ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात आदमला याच आरशाच्या भाषेत समजावतात. सारे जग हा घासायचा राहिलेला आरसा, आणि आदम त्याची चकाकी. पण परिपूर्ण माणसाबद्दल बोलताना ते पुन्हा पुन्हा बजावतात की बंदा कितीही वर चढला तरी बंदाच राहतो. हे अद्वैत नव्हे. याला अद्वैत म्हणण्याने अद्वैताचाही मान राहत नाही आणि याचाही. सुफी म्हणजे सगळे एकाच मताचे, हेही खरे नाही. आपल्या शेजारी गुलबर्ग्याला 1422 साली ज्यांचे देहावसान झाले आणि ज्यांच्या उरुसाला लातूरकडची माणसे जातात, ते ख्वाजा बंदेनवाज स्वतः इब्न अरबींच्या मतांचे टीकाकार होते.

दख्खनमध्ये देवाणघेवाण झाली नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 1645 साली ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. कादरी सुफी परंपरा आणि नाथ-वारकरी परिभाषा त्यांच्यात सहज एकत्र नांदतात. नांदेडच्या हुजूरसाहिबात ज्या गुरु ग्रंथसाहिबापुढे माथा टेकला जातो, त्यात शेख फरीद आहेत आणि नामदेवही आहेत. पण देवाणघेवाणीला दोन्ही हात भरलेले लागतात. एकाकडे काहीच नव्हते, सगळे आपणच दिले, असे म्हणणारा शेख महंमदांचा गौरव करत नाही. त्यांच्या घरातले निम्मे सामान बाहेर फेकतो. हे मराठीत समजून घ्यायला साधनेही आहेत. निलंग्यात 1910 साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू साधने मुळातून वाचत आणि त्यांनी सुफी संप्रदायावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लातूर जिल्ह्याच्या या सुपुत्राचे पुस्तक चाळले तरी अर्धी भाषणे गळून पडतील.

आता खरा कठीण प्रश्न. एवढे उदात्त तत्त्व होते, तर रझाकार कुठून आले? हा प्रश्न लातूरमध्ये विचारला जाणारच, कारण रझाकारांचा नेता कासीम रझवी वकिली करायला लातूरलाच होता.

बगदादमध्ये 922 साली ज्याला सुळावर चढवले, त्या मन्सूर हल्लाजच्या नावावर ‘अनल हक’ हा उद्गार आहे. मीच सत्य आहे, असा त्याचा अर्थ. हैदराबाद संस्थानात रझाकारांच्या मजलिस इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेने घोषणा दिली ‘अनल मलिक’. म्हणजे मीच सत्ताधीश. संस्थानातला प्रत्येक मुसलमान राज्यकर्त्या वर्गाचा, निजाम फक्त त्याचे प्रतीक. दोन घोषणांचा साचा एक, पण हल्लाजच्या उद्गाराबद्दल रूमींनी केलेला खुलासा आठवा. ‘मी देवाचा बंदा’ म्हणणारा स्वतःला वेगळा उभा करतो. हल्लाजने स्वतःला पुसून टाकले आणि उरले ते देवाचे. ‘अनल मलिक’ म्हणणाऱ्याने काहीच पुसले नाही. त्याने देवाचा मान स्वतःच्या जमातीच्या डोक्यावर चढवला आणि शेजाऱ्याला प्रजा करून टाकले. उत्पत्तीच्या ग्रंथाने राजाकडून काढून सर्वांना दिलेला मान इथे पुन्हा काही जणांपुरता करण्यात आला. हे प्रतिमेच्या तत्त्वाचे फळ नव्हते, तो त्याचा द्रोह होता. बिलोली तालुक्यात अर्जापूरला 1946 मध्ये गोविंदराव पानसरे मारले गेले, ते या द्रोहाचे बळी. हैदराबादेत ऑगस्ट 1948 मध्ये पत्रकार शोएबुल्ला खान मारले गेले, तेही. ते मुसलमान होते आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत होते.

पण हिशेब इथे थांबवला तर तो खोटा होईल. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपल्यावर मराठवाड्यात जे झाले, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. लातूर शहरात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, हजारावर मुसलमान मारले गेले, असे समितीने नोंदवले. मारणाऱ्यांच्या परंपरेत तर प्रत्येक घटात परमात्मा आहे, सर्वांभूती देव आहे. मग ती शिकवण त्या वीस दिवसांत कुठे गेली होती? ‘त्यांचा’ धर्म रझाकारांवरून मोजायचा, तर ‘आपला’ धर्म त्या वीस दिवसांवरून मोजावा लागेल. आणि तसे मोजायचे नसेल, तर दोघांनाही एकच माप लावावे लागेल. त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. काही हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी वेदान्त वाचला होता की नाही, हे इथे गैरलागू आहे. त्यांना समोरचा चेहरा दिसला.

बुद्धिवादी विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या नांदेडमध्ये आणखी एक हरकतही येणार, आणि ती मला सर्वांत आदरणीय वाटते. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी देव हवाच कशाला? संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आहे, ती पुरेशी नाही का? नागरिक म्हणून मला ती पुरेशी आहे, आणि कायद्याने चालणाऱ्या देशात तीच अखेरची असली पाहिजे. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली बहुसंख्य माणसे श्रद्धावान आहेत. त्यांची श्रद्धा द्वेषासाठी वापरणारे लोक त्यांच्याशी श्रद्धेच्याच भाषेत बोलतात. त्या भाषेत उत्तर उपलब्ध असताना ते न देणे म्हणजे मैदान सोडून देणे. नास्तिकाने श्रद्धा घ्यावी असे माझे म्हणणे नाही. श्रद्धावानाला त्याच्याच ग्रंथाने बांधून घेता येते, एवढेच मी सांगतो आहे.

म्हणून दोन्ही वक्त्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे. पहिल्याने ‘माणसात देव आम्हीच पाहतो’ हे वाक्य यापुढे उच्चारू नये, कारण ते खोटे आहे, आणि उच्चारताच ते स्वतःवर उलटते: जो शेजाऱ्यात देव पाहतो, तो शेजाऱ्याच्या धर्माला देवहीन ठरवणार नाही. दुसऱ्याने दर्ग्यावर जाणाऱ्या माणसाला बिदअतचा, म्हणजे धर्मात नसलेली प्रथा आणल्याचा, शिक्का मारण्याआधी आदमच्या रूपाची हदीस तिच्या संदर्भासह लोकांपुढे ठेवावी. दर्ग्यातल्या प्रत्येक प्रथेचे समर्थन मी करत नाही; तो वाद त्यांनी खुशाल करावा. पण माणसाच्या चेहऱ्याला मान देणारे वचन त्यांच्या सर्वांत विश्वसनीय ग्रंथांत आहे, हे त्यांना नाकारता येणार नाही. तीन परंपरांनी आपापल्या वाटेने एकच बंधन घातले आहे, की समोरच्या माणसाला मारताना, विकताना, उपाशी ठेवताना तुम्ही ईश्वराच्या प्रतिमेशी वागत आहात. आपल्या परंपरेनेही तेच सांगितले आहे. 1948 मध्ये आपण सर्वांनी ते मोडले. आता ते पाळण्याची चढाओढ करा. त्याच्या मालकीचा दावा मात्र कुणीच करू नये.